लाइन आली, लाइन गेली

त्या वहीच्या एका पानावर अठ्ठेचाळीस चौकोन होते. एक चौकोन म्हणजे अर्धा तास, एक पान म्हणजे एक दिवस. प्रत्येक चौकोनात पाचपैकी एक खूण करायची. झोपलो होतो. गोळीचा असर नव्हता. असर होता. असर होता आणि अंग आपोआप हलत होतं, पण त्याचा त्रास नव्हता. अंग हलत होतं आणि त्रासही होता. बस, एवढंच. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, नव्या औषधाची चाचणी होते, तेव्हा कोट्यवधींचा खर्च, परदेशातल्या बैठका, आमच्यासारख्यांची वर्षं, हे सगळं शेवटी या चौकोनांवर येऊन टेकतं. ‘असर नव्हता’वाले चौकोन दिवसाला दोन कमी झाले, म्हणजे माणसाचा तासभर वाचला, तरी औषधात दम आहे असं आम्ही म्हणतो.

ही वही मी पहिल्यांदा ज्यांच्या हातात दिली ते दारव्हा तालुक्यातले कापूस-तुरीचे शेतकरी. वय 63, पाच एकर कोरडवाहू, आजार आठ वर्षांचा. गाव त्यांना काकाजी म्हणतं, मीही म्हणते. त्यांनी वही उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “म्याडम, अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब तं म्या जिनिंगवाल्यालेबी देल्ला नाई.”

मी त्याच भागातली. वडील जिल्हा परिषद शाळेत मास्तर, त्यामुळे बदली होईल तिथलं गाव आपलं. एमबीबीएस आणि एमडी नागपूरला झालं, मेंदूविकारातल्या डीएमची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष राज्याबाहेर. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. झोप कमी, पगार बेताचा आणि आईचा फोनवर एकच प्रश्न: अजून किती शिकायचं बाकी आहे? हालचालींचे विकार हीच शाखा का घेतली, असं लोक विचारतात. माझे सर रुग्णाची फाइल आधी उघडू द्यायचे नाहीत. दारातून खुर्चीपर्यंत तो कसा चालत येतो ते बघा, मग बोला. एक हात झुलत नाही, वळताना सहा पावलं पडतात, चेहरा सुतकात बसल्यासारखा. निदान दारातच होऊन जायचं. मेंदूचा साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. यंत्राला जे दिसत नाही ते डोळ्यांना दिसतं, याची मला तेव्हा भारी मौज वाटायची. आता मौज कमी झाली आहे. निदान लवकर करून पुढे काय, हा प्रश्न पाठीमागे उभा असतो.

औषध आहे, तसं. 1960 मध्ये व्हिएन्नात ओले हॉर्निकिएविच यांनी मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले आणि त्यांच्यात डोपामिन नावाचं रसायन भलतंच कमी असल्याचं दाखवलं. 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी मेंदूत जाऊन डोपामिन होणारं डोपा (लेव्होडोपा हे त्याचंच असरदार रूप) हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेत तोंडावाटे दिलं आणि खिळलेली माणसं चालू लागली. साठ वर्षं होत आली, अजून लेव्होडोपापेक्षा चांगली गोळी आलेली नाही. अडचण अशी की सुरुवातीची काही वर्षं गोळी दिवसभर पुरते, मग पुरेनाशी होते. रक्तातलं लेव्होडोपा दीडेक तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीला मेंदू ते साठवून पुरवून वापरतो. पुढे साठवणाऱ्या पेशीच उरत नाहीत आणि माणूस गोळीच्या तालावर चालायला लागतो. घेतली की पाऊण तासाने हातपाय सुटतात, तीन तासांनी पुन्हा आखडतात. जेवणात डाळ जास्त झाली, बद्धकोष्ठ झालं, की गोळी पोटातच रेंगाळते. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत जातात, त्यामुळे दारातच रेटारेटी. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. वऱ्हाडात तुरीच्या वरणाशिवाय जेवण नाही, तेव्हा हा नियम सांगताना मला दर वेळी थोडं अपराधी वाटतं.

या चालू-बंदला इंग्रजीत ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. डेव्हिड मार्सडेन आणि पार्क्स यांनी 1976 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाच्या शीर्षकातच तो शब्द घातला होता. दिव्याच्या बटनावरून घेतलेला साधा शब्द. मराठी वहीत मात्र त्याचं भाषांतर होऊन आलं होतं: ‘औषधाचा प्रभाव ओसरलेली अवस्था’.

काकाजींनी ते मोठ्याने वाचलं. सातवी शिकलेले, वाचन चांगलं. म्हणाले, “अवस्था तं माही दिवसभरच आहे.”

आमच्याकडे ‘अवस्था’ म्हणजे दैना. ‘काय अवस्था झाली बापा’ असं म्हणतात, तीच. शहरातल्या भाषांतरकाराला हे कसं कळावं? मी त्यांना विचारलं, गोळी उतरते तेव्हा तुम्ही घरात काय म्हणता? ते उत्तर देण्याआधी काकूच बोलल्या, “हे म्हंतात, लाइन गेली.”

लाइन म्हणजे वीज. लाइन आली की विहिरीवरची मोटर चालू, गेली की बंद, आणि शेतीची लाइन येणार कधी तर रात्री. ज्याने विदर्भात रात्री दोन वाजता उठून ओलित केलं आहे त्याला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही. लाइन कमी दाबाची आली तर मोटर घुरघुरते पण पाणी चढत नाही, हेही काकाजींनीच सांगितलं. “तसंबी होते. गोळी चालू असते, पन पानी चढत नाई.” अर्धवट चढलेल्या गोळीचं इतकं नेमकं वर्णन मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही. दारव्ह्यावरून जाणारी, आता बंद पडलेली शकुंतला रेल्वे हे त्यांचं दुसरं उदाहरण: “सुटंन केव्हा आन् थांबंन केव्हा, डायवरलेबी ठावं नाई.”

मी उत्साहाने पत्र लिहिलं की वहीत ‘लाइन असणे’ आणि ‘लाइन जाणे’ हे शब्द टाकावेत. त्याची एक पद्धत असते. मराठी मजकूर मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडे जातो, तो त्याचं पुन्हा इंग्रजी करतो, दोन्ही इंग्रजी ताडून पाहतात, मग नैतिकता समितीची मंजुरी. दीड महिन्याने उलट भाषांतर आलं. त्यात ‘लाइन आली’चं ‘रांग येऊन पोचली’ झालं होतं. मी खूप हसले, मग चिडले. शेवटी छापील वाक्य होतं तेच राहिलं. समजावताना मी तोंडी लाइन म्हणत राहिले.

आम्ही वापरतो त्या मोजपट्ट्यांचंही असंच. आजाराची तीव्रता मोजायच्या जगभर चालणाऱ्या प्रश्नावलीत एक प्रश्न आहे: बिछान्यातून, गाडीच्या सीटवरून किंवा खोल खुर्चीतून उठताना त्रास होतो का? माझ्या निम्म्या रुग्णांकडे यांतलं काहीही नाही. ते बाजेवर झोपतात किंवा खाली चटईवर, बसतात जमिनीवर. एका आजीला मी विचारलं तर म्हणाल्या, “खुर्चीतून उठाचं काम काय? खुर्चीवर बसवतं कोन मले?” मी ‘त्रास नाही’ लिहायचं की काय?

संमतीच्या दिवसाबद्दल सांगायचं राहिलं. चाचणीत माणूस घेण्याआधी त्याला सगळं त्याच्या भाषेत सांगायचं, प्रश्न विचारू द्यायचे, सही घ्यायची. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार बसवायचा. आमच्या चाचणीत सगळं व्हिडिओवर रेकॉर्डही होत होतं. सही हाच एक छळ. या आजारात अक्षर बारीक होत जातं, ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं. काकाजींचं पीककर्ज एकदा सही जुळत नाही म्हणून अडलं होतं, रेशनच्या मशीनवर अंगठा थरथरतो म्हणून परत पाठवलं होतं. कागद पुढे केला की त्यांचा चेहरा मुळात नसलेले भाव आणखी आवरून घ्यायचा.

मी सांगितलं: निम्म्या लोकांना औषधाची गोळी मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी. तुमची नेहमीची गोळी सगळ्यांची चालू राहील.

“मले कोन्ती भेटंन?”

“ते माहीत नाही.”

“मांगून सांगसान?”

“मलाच माहीत नसणार, काकाजी. कॉम्प्युटर ठरवतो.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग काकूंकडे वळून म्हणाले, “पाह्य. इतल्या शिकल्या, आन् काय देऊन रायल्या ते त्याइलेच ठावं नाई.” व्हिडिओत हे सगळं आहे. कॅमेरा धरणारी पोरगी हसल्यामुळे चित्र हलतं तेही आहे.

तरी त्यांनी सही केली. का केली ते मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं. फुकट तपासण्या, येण्या-जाण्याचे पैसे, महिन्यातून एकदा कोणीतरी तासभर ऐकून घेणारं, यांतलं काहीही कारण असू शकतं. मी चाचणीची डॉक्टर आणि त्यांची नेहमीची डॉक्टर एकच होते, त्यामुळे ‘नाही’ म्हणणं त्यांना जड गेलं असेल का, हा सल माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्याच आठवड्यात दुसरे एक गृहस्थ बाद झाले. सगळे निकष जुळत होते, पण निघता निघता सांगितलं की वैदूची पुडीही चालू आहे. खाजकुयलीचं बी. शाळेत असताना ज्या शेंगांची कुसं पोरं बाकावर टाकायची, तीच खाजकुयली. पुडी म्हणजे थोतांड असं मला म्हणता येईना, कारण तिच्यात खरंच लेव्होडोपा असतं. दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्येच मद्रासला ते या बियांतून वेगळं करून दाखवलं होतं, गोळीच्या तीस वर्षं आधी. लंडनला आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ही भुकटी गोळीपेक्षा लवकर चढली होती. पण पुडीत रोज किती मात्रा जाते ते वैदूलाही सांगता येत नाही, मग वहीतल्या चौकोनांना अर्थ काय राहणार? त्यांना परत पाठवावं लागलं. जाताना म्हणाले, “म्हंजे वैदूचं खरं होतं तं!” पुढच्या महिन्यात त्या वैदूकडे गर्दी वाढली म्हणतात.

वही भरायला शिकवणं हे वेगळंच काम. रुग्ण आणि आम्ही समोरासमोर बसायचं, दर अर्ध्या तासाने दोघांनी एकमेकांचं न बघता खूण करायची, शेवटी किती जुळल्या ते मोजायचं. सकाळी नऊ ते एक मी आणि काकाजी ओपीडीच्या मागच्या खोलीत बसलो. साडेदहाला गोळी चढली आणि त्यांचे खांदे, मान, डावा पाय असे लाटांसारखे हलायला लागले. मी पाचवी खूण केली: त्रासदायक. त्यांनी तिसरी: असर आहे, बस. हलणंच नाही. मी विचारलं, हे हलतंय ते?

“हालते तं हालू द्या नं. मी तं चालून रायलो.”

काकू म्हणाल्या, “लोकं पाह्यतात नं जी. लाज वाटते.” काकूंच्या लाजेला वहीत चौकोन नाही. नियमाप्रमाणे खूण रुग्णाचीच धरायची. बहुतेक रुग्णांना हलणं परवडतं, खिळून राहणं परवडत नाही, हे मला ठाऊक होतं. पण समोर बसून चार तास पाहिल्यावर ते जसं कळलं तसं आधी कळलं नव्हतं.

घड्याळाचा प्रश्न आम्ही गावातच सोडवला. शाळेची घंटा, दुधाच्या गाडीचा हॉर्न, दुपारची एसटी, गुरं परतायची वेळ, देवळातला हरिपाठ. काकूंनी पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतलं. रविवारी शाळा नाही, म्हणून रविवारचं पान जरा अंदाजपंचे. तेही मी मॉनिटरला सांगितलं. मॉनिटर म्हणजे कंपनीतर्फे आमचे कागद तपासायला येणारा माणूस. त्याने ‘अंदाजपंचे’ हा शब्द आपल्या वहीत लिहून घेतला.

सगळ्यात वाईट म्हणजे ‘बंद’मधली तपासणी. त्यासाठी रात्रीची आणि सकाळची गोळी न घेता, बारा तास उपाशी मेंदूने दवाखान्यात हजर व्हायचं. शहरात ठीक आहे, पोरगा कारने आणतो. काकाजी पहिल्या खेपेला तसेच एसटीने आले. पायरी चढताना पाय जमिनीला चिकटले, मागून माणसं ओरडली, दारू पिऊन आलाय म्हणाली. हे मला काकूंनी सांगितलं, त्यांनी नाही. पुढच्या खेपेपासून आदल्या रात्री मुक्कामाची सोय केली. त्याच्या खर्चाला मंजुरी घेताना समितीतल्या एका सदस्याने विचारलं, हे आमिष तर ठरणार नाही ना? मी जे उत्तर दिलं ते कार्यवृत्तात सौम्य करून लिहिलं आहे.

तिसऱ्या महिन्यात वह्या पाहताना मला एक गोष्ट खटकली. काकाजींच्या पानावर दुपारी एक ते पाच सगळे चौकोन बंद, आणि संध्याकाळी सहा ते आठ सगळे चालू. रोज. एक दिवस इकडचा तिकडे नाही. हा आजार असा शिस्तीचा नसतो. गोळ्या मोजल्या, बरोबर निघाल्या. मी काही न बोलता वही त्यांच्यापुढे ठेवली आणि त्या दोन तासांवर बोट ठेवलं.

“प्रार्थना असते,” ते म्हणाले.

गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना, तुकडोजी महाराजांची भजनं. काकाजी खंजिरीवर. वडिलांपासून घरात खंजिरी आहे. दुपारची गोळी ते घेतच नव्हते. ती आणि संध्याकाळची, दोन्ही मिळून साडेपाचला. चार तास बाजेवर लाकडासारखं पडून राहायचं आणि दोन तास खंजिरी वाजवायची. एका गोळीत हात ठेका पकडायचा पण बोटं उडायची नाहीत, म्हणून दोन.

“आन् वेचनीच्या दिवसांत?” मी विचारलं. बोलता बोलता माझी भाषा त्यांच्यासारखी होते.

“वेचनीले बाया हायेत. खंजिरीले कोन आहे?”

नियम स्पष्ट होता. नेहमीच्या गोळीच्या वेळा चाचणीभर बदलायच्या नाहीत. बदलल्या तर ते उल्लंघन, लेखी कळवायचं. मी कळवलं. फॉर्मवर कारणासाठी दीड ओळ होती. ‘धार्मिक कार्यक्रम’ असं लिहिलं, मग खोडून ‘वैयक्तिक’ लिहिलं. काकाजींना म्हटलं, दुपारची गोळी आता ठरल्या वेळीच घ्या, चाचणी संपली की आपण तुमच्या सोयीने वेळा बसवू. त्यांनी मान हलवली. त्यानंतरच्या पानांवर संध्याकाळचे दोन-तीन चौकोन बंद दिसू लागले आणि दुपारचे चालू. आमच्या हिशेबाने त्यांची स्थिती सुधारली होती: बंद वेळ दिवसाला दीड तासाने कमी. त्या महिन्यात त्यांनी खंजिरी पुतण्याकडे दिली होती.

एवढ्या वर्षांत मी बऱ्याच परिषदांना गेले, शोधनिबंधांवर नाव आलं, प्राध्यापक झाले. पण ‘चालू वेळ वाढला’ हे वाक्य तेव्हापासून मला सरळ वाचता येत नाही. कोणता वेळ? कशासाठी ठेवलेला? माझ्या पुढच्या प्रकल्पात मी वहीच्या वर एक ओळ घातली: आज कोणत्या वेळी लाइन असणं तुम्हाला सगळ्यात गरजेचं होतं? समीक्षकांनी विचारलं, याचं संख्याशास्त्रीय विश्लेषण कसं करणार? प्रश्न रास्त आहे, मी अजून त्याच्याशी झटते आहे.

चाचणीचा निकाल यायला त्यानंतर दीड वर्ष लागलं. औषध आणि कोरी गोळी, दोन्ही सारखीच. आमच्या शाखेत हे नवीन नाही. आजाराचा वेग कमी होईल म्हणून क्रिएटिन 1,741 लोकांवर तपासलं, 2013 मध्ये चाचणी थांबवावी लागली. रक्तदाबाच्या इस्राडिपिनचं 2020 मध्ये तेच झालं. मधुमेहाच्या एक्झेनाटाइडवर तर माझी फार आशा होती; 96 आठवड्यांच्या चाचणीचा निकाल 2025 मध्ये आला, फरक शून्य. तरुण सहकारी विचारतात, मॅडम, तुम्ही खचत नाही? खचते. मग सोमवारची ओपीडी असते.

कोणाला काय मिळालं त्याची यादी आली तेव्हा मी दारव्ह्याला गेले. काकाजींना कोरी गोळी होती.

ते अंगणात बाजेवर होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मंग पयल्या महिन्यात मले इतलं बरं काहून वाटलं?”

मी सांगितलं की असं होतं. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी 2001 मध्ये स्कॅन करून दाखवलं होतं की कंपवाताच्या रुग्णाला औषध मिळेल अशी आशा असली तर कोऱ्या इंजेक्शननेही त्याचा मेंदू स्वतःचं डोपामिन सोडतो. म्हणजे बरं वाटलं ते खोटं नव्हतं. लाइन तुमच्याच घरची होती.

“थ्री फेज?”

“नाही. सिंगल.”

ते हसले की नाही ते त्या चेहऱ्यावर कळत नाही, पण खांदे हलले. काकूंनी आतून चहा आणला आणि बरोबर शंभर पानी शाळेची वही. चाचणी संपल्यावरही ते लिहीत होते, स्वतःच्या रकान्यांत. चौकोन नव्हते. तारीख, आणि पुढे बारीक होत गेलेल्या अक्षरात एखादी ओळ. मी चष्मा लावून वाचायला बसले. ‘दुपारी नाही.’ ‘नातू आला, लाइन होती.’ ‘पाऊस. नाही.’ ‘पुतण्याचा ठेका चुकते.’ शेवटची नोंद आदल्या दिवशीची: ‘साडेपाचला दोन.’

मी त्यांच्याकडे बघितलं. ते दुधाच्या गाडीच्या हॉर्नकडे कान लावून बसले होते.